ड्रॅग रेसच्या इंजिनात लांब स्ट्रोकचा क्रँक बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातील जे तरुण आमच्या वर्कशॉपमध्ये येतात, त्यांच्या बहुतेक शंका त्याच त्या असतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणासाठी मुख्यतः यामाहा आरएक्स १३५ ही टू-स्ट्रोक इंजिनाची गाडी घेतली आहे, कारण या भागात ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ, छोट्या अंतराच्या शर्यतीसाठी, सर्वाधिक तयार होणारी गाडी तीच आहे आणि तिचे आकडे हिशेबाला सोपे आहेत.

स्ट्रोक वाढवला म्हणजे नेमके काय वाढवले?

क्रँकशाफ्टच्या मध्यापासून क्रँकपिनच्या, म्हणजे पिस्टनचा रॉड ज्यावर फिरतो त्या पिनच्या, मध्यापर्यंतचे अंतर वाढवले. पिस्टन वरच्या टोकापासून, म्हणजे टीडीसीपासून, खालच्या टोकापर्यंत, म्हणजे बीडीसीपर्यंत जितका प्रवास करतो तो स्ट्रोक, आणि तो या अंतराच्या बरोबर दुप्पट असतो. पिन २ मिमी बाहेर सरकली की स्ट्रोक ४ मिमी वाढतो. पिस्टन पूर्वीपेक्षा २ मिमी वर जातो आणि २ मिमी खालीही येतो. पुढील जवळजवळ सगळे प्रश्न या एका वाक्यातून निघतात, म्हणून ते नीट ध्यानात ठेवावे.

आरएक्स १३५ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५८ मिमी आणि स्ट्रोक ५० मिमी आहे. बोअरचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक असा हिशेब केला की १३२.१ सीसी येतात. स्ट्रोक ५४ मिमी केला की तेच इंजिन १४२.७ सीसीचे होते. त्यातच बोअर ५८.५ मिमी केला असेल, तर १४५ सीसी होतात. ज्या स्पर्धेत उतरायचे तिच्या नियमपुस्तिकेतील सीसीची मर्यादा आधी वाचावी आणि मगच पिन मागवावी. आमच्याकडे इंजिन पूर्ण बांधून झाल्यावर गट विचारणारे लोक आलेले आहेत.

आरएक्स १०० मध्ये १३५ चा क्रँक घातला की स्ट्रोक वाढतो, हे खरे आहे का?

नाही. आरएक्स १०० चा बोअर ५० आणि स्ट्रोकही ५० मिमी आहे. १३५ चा स्ट्रोकही ५० मिमीच आहे. दोन्ही इंजिनांतील सीसीचा फरक केवळ बोअरमुळे पडतो. हा गैरसमज इतका पक्का रुजलेला आहे की जुन्या बाजारात याच नावाखाली क्रँक विकले जातात. विकत घेण्यापूर्वी व्हर्नियर लावून पाहावे.

बोअर वाढवणे सोपे असताना स्ट्रोकच्या मागे का लागावे?

बोअर वाढवणे खरोखरच सोपे आहे, आणि मर्यादेत असेल तर आधी तेच करावे. परंतु ब्लॉकमधील लायनरची (सिलिंडरच्या आतील अस्तराची) जाडी, केसच्या, म्हणजे क्रँकभोवतीच्या आवरणाच्या, तोंडाचा व्यास आणि स्टडमधील अंतर या तीन गोष्टी बोअरला लवकरच अडवतात. लायनर फार पातळ झाला की तो तापल्यावर गोल राहत नाही आणि पिस्टन एका बाजूने धरतो, म्हणजे घासून अडकतो. बोअर संपला की उरतो तो स्ट्रोक.

ही युक्ती अमेरिकन ड्रॅगवाल्यांतही चालते. शेवरले ३५० या व्ही-८ इंजिनात त्याच घराण्यातील ४०० चा क्रँक बसवून ३८३ घन इंचांचे इंजिन करण्याची तेथे जुनी रीत आहे. त्यासाठी ३.४८ इंचांचा स्ट्रोक ३.७५ इंच होतो, बोअर ०.०३० इंचाने वाढतो आणि ४०० च्या क्रँकचे मेन जर्नल (मुख्य बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) २.६५ इंचांवरून २.४५ इंचांपर्यंत टर्न करावे लागतात. थोडक्यात, तयार क्रँक मिळाला तरी तो तसाच्या तसा बसत नाही.

ताकद किती वाढेल?

५० चा स्ट्रोक ५४ झाला म्हणजे सीसी ८ टक्क्यांनी वाढले. टॉर्कमध्येही साधारण तितकीच वाढ अपेक्षित ठेवावी, तीही इंजिनाला तेवढा श्वास घेता आला तरच. वरच्या आरपीएमची ताकद पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतील वायू ये-जा करण्याच्या खिडक्या), रीड (मिश्रण आत घेणारी पातळ पात्यांची झडप), कार्ब्युरेटर आणि चेंबर (एक्झॉस्टचा फुगीर पाइप) ठरवतात. ते तसेच ठेवले तर टॉर्क खालच्या आरपीएमला सरकतो आणि वरचा जोर होता तेवढाच राहतो. ड्रॅगमध्ये हा खालचा टॉर्क सुटताना उपयोगी पडतो, हे खरे आहे. परंतु ज्याचा क्लच सुटताना घसरतो त्याने आधी क्लचच्या प्लेटा आणि स्प्रिंगा बदलाव्यात. आमच्या मते पोर्टिंग, चेंबर, क्लच आणि गिअरिंग या चार गोष्टी पूर्ण झाल्यावरच क्रँकला हात घालावा. हा सल्ला फारसे कोणी ऐकत नाही.

तेवढेच आरपीएम फिरवले तर चालेल का?

हिशेब करून पाहावा. १०,००० आरपीएमवर ५० मिमी स्ट्रोकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.७ मीटर असतो. ५४ मिमीला तो १८ मीटर होतो, आणि ११,००० वर नेले तर १९.८ मीटर. सरासरी वेगापेक्षाही टीडीसीजवळ पिस्टनला बसणारा झटका महत्त्वाचा आहे. रॉडची लांबी १०० मिमी धरली, तर १०,००० आरपीएमवर हा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३,५०० पट असतो आणि ५४ च्या स्ट्रोकला तो ३,८०० पटींच्या वर जातो. जवळजवळ दहा टक्क्यांचा हा वाढीव बोजा रॉड, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) आणि बिग एंडच्या (रॉडच्या मोठ्या टोकाच्या) बेअरिंगवर पडतो. म्हणून जुना रॉड पुन्हा वापरू नये आणि आरपीएमची मर्यादा आधीपेक्षा थोडी खालीच ठेवावी.

स्ट्रोक वाढवण्याचे मार्ग कोणते?

आपल्याकडे सर्वाधिक चालणारा मार्ग म्हणजे आडकेंद्री पिन. तिची दोन टोके मूळ भोकाच्या मापाची असतात आणि ज्यावर बेअरिंग फिरते तो मधला भाग २ मिमी बाजूला सरकवलेला असतो. वेब, म्हणजे क्रँकच्या दोन जड चकत्या, मूळच्याच राहतात. ही पिन प्रेस करताना तिचा उंचवटा क्रँकच्या मध्यापासून सरळ बाहेरच्या दिशेला यावा लागतो. तो थोडा जरी तिरपा बसला, तरी स्ट्रोक हवा तेवढा मिळत नाही. म्हणून पिनच्या टोकावर आणि वेबवर रेघ मारूनच प्रेसखाली घ्यावे.

दुसरा मार्ग वेबमधील भोके भरून नव्या जागी बोअर करण्याचा. त्यात वेल्डिंगच्या उष्णतेने वेब वाकतात, म्हणून तो आम्ही करत नाही. तयार मिळणारा पूर्ण क्रँक हा तिसरा मार्ग. तो महाग आहे, परंतु बॅलन्सचा विचार त्यात आधीच झालेला असतो. मोटारीच्या एकसंध क्रँकला मात्र वेगळी पद्धत आहे: जर्नलचा व्यास कमी करताना त्याचे केंद्र बाहेर सरकवून ग्राइंड करतात. व्यास जितका कमी होतो, तितकाच जास्तीत जास्त स्ट्रोक वाढतो.

हे काम सांगली-मिरजेत होते का?

पाणी उपसण्याच्या पंपांवर आणि इंजिनांवर हात बसलेला हा जिल्हा आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा. कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत ट्रॅक्टर-ट्रकचे क्रँक ग्राइंड करणारे कसबी लोक आहेत आणि पिन टर्न करणे, केस मिलिंगवर कोरणे, स्पेसर प्लेट काढणे ही कामे ते उत्तम करतात. परंतु दोन तुकडे प्रेस करून जोडलेला दुचाकीचा क्रँक सरळ करणे हे वेगळे कसब आहे आणि ते ट्रॅक्टरचा क्रँक ग्राइंड करणाऱ्याला येईलच असे नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो. जुने टर्नर अजून थाऊमध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, अर्थात ०.०२५४ मिमी. आपण 'दोन-तीन पॉइंट' म्हणावे, त्यांनी थाऊ समजावे आणि आपल्या मनात शतांश मिलिमीटर असावेत, एवढ्यात एक चांगली पिन वाया गेलेली आम्ही पाहिली आहे. माप कागदावर, एककासह लिहून द्यावे.

क्रँक सरळ झाला हे कसे ओळखावे?

क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून दोन्ही बाजूंच्या शाफ्टला डायल गेज लावावा आणि हाताने सावकाश फिरवावा. काट्याची हालचाल ०.०३ मिमीच्या आत असावी; ड्रॅगच्या इंजिनाला आम्ही ०.०२ च्या आत आल्याशिवाय केस बंद करत नाही. काटा जास्त हलला तर जास्तीची बाजू वर घेऊन तांब्याच्या हातोडीने वेबच्या कडेवर ठोका द्यावा आणि पुन्हा मोजावे. कधी तीन ठोक्यांत काम होते, कधी अख्खी दुपार जाते.

पिनची वेबमधील बैठक काही शतांश मिलिमीटरांनी घट्ट असावी लागते. एकदा खोललेल्या भोकात ती घट्टी राहीलच असे नाही. आमच्या पहिल्या स्ट्रोकर, म्हणजे स्ट्रोक वाढवलेल्या, इंजिनात हीच चूक झाली. पिन सहज बसली म्हणून आम्हाला आनंद झाला; तिसऱ्याच धावेत क्लच सोडताच इंजिन थरथरू लागले. उघडून गेज लावला तर काटा ०.४ मिमी फिरत होता, म्हणजे एक वेब पिनभोवती फिरला होता. सुटताना मागच्या चाकाचा सगळा विरोध एका वेबवर येतो, म्हणून ड्रॅगच्या क्रँकची पिन सरळ केल्यानंतर दोन्ही टोकांना टिग वेल्डचे छोटे टाके देतात. टाके दिल्यावर पुन्हा मोजावे, कारण टाक्यांनीही क्रँक ओढला जातो.

वाढलेले २ मिमी ब्लॉकखाली द्यावेत की हेडखाली?

सर्वांत जास्त इंजिने याच ठिकाणी बिघडतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

पिस्टन २ मिमी वर जाणार असल्यामुळे त्याला जागा द्यावीच लागते. ती ब्लॉकखाली २ मिमीची ॲल्युमिनियमची प्लेट घालून देता येते, किंवा ब्लॉक जागेवर ठेवून हेडखाली तेवढी जागा करता येते. पिस्टन दोन्हीकडे हेडला लागत नाही. परंतु पोर्टचे टायमिंग दोन्हीकडे निराळे होते.

समजा, ब्लॉकच्या वरच्या कडेपासून एक्झॉस्ट पोर्टची (जळका वायू बाहेर जाण्याची खिडकी) वरची कड २७ मिमीवर आणि ट्रान्स्फर पोर्टची (केसमधून ताजे मिश्रण वर येण्याची खिडकी) ३९ मिमीवर आहे, आणि रॉड १०० मिमीचा आहे. हे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत. आपल्या ब्लॉकचे आपण मोजावेत. ५० च्या स्ट्रोकला क्रँकच्या एका फेऱ्यात एक्झॉस्ट सुमारे १८५ अंश आणि ट्रान्स्फर १२५ अंश उघडा राहतो. आता ५४ चा क्रँक घालून ब्लॉकखाली २ मिमीची प्लेट दिली, तर कानस न लावताही एक्झॉस्ट १९५ अंशांवर आणि ट्रान्स्फर १४२ अंशांवर जातो. हेडखाली जागा केली, तर एक्झॉस्ट १८७ आणि ट्रान्स्फर १३२ अंश होतो.

या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, ब्लॉकखालची प्लेट म्हणजे गुपचूप केलेले पोर्टिंगच आहे. आधीच पोर्ट वर नेलेला ब्लॉक असेल आणि त्याखाली प्लेट गेली, तर टायमिंग इतके वाढते की गाडी खालच्या आरपीएमला ओढतच नाही, आणि मग मालक चेंबरला दोष देतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्स्फर उघडेपर्यंतचा काळ, म्हणजे जळालेल्या वायूचा दाब उतरण्याचा अवधी, मूळ इंजिनात ३० अंशांचा होता. प्लेट दिल्यावर तो साडेसव्वीस आणि हेडखाली जागा केल्यावर साडेसत्तावीस अंश होतो. दोन्ही मार्गांनी तो घटतोच. हा अवधी अपुरा पडला की जळका वायू ट्रान्स्फरमधून खाली केसमध्ये घुसतो, ताजे मिश्रण तापते आणि वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरते. म्हणून स्ट्रोकर इंजिनात ट्रान्स्फरला हात न लावता एक्झॉस्टची वरची कड थोडी उंच करावी लागते. ती किती करावी हे डिग्री व्हील (क्रँकला लावायची अंशांची चकती) लावून, मूळचा अवधी परत मिळेपर्यंत मोजून ठरवावे.

आमची पसंती अशी आहे: ब्लॉक मूळचा, न कोरलेला असेल तर हेडखालची जागा घ्यावी आणि एक्झॉस्ट कोरून अवधी भरून काढावा. धातू काढता येतो, परत लावता येत नाही. पिनचे भोक २ मिमी वर असलेला पिस्टन मिळाला तर कुठेच पॅकिंग लागत नाही; मात्र त्याचे पोर्ट टायमिंग ब्लॉकखालच्या प्लेटसारखेच येते, हे विसरू नये.

इंजिन केस किती कोरावी लागते?

रॉडचे मोठे टोक आता २ मिमी बाहेरून फिरते, म्हणून केसच्या भिंतीला, ब्लॉकच्या खाली उतरणाऱ्या गळ्याला आणि काही वेळा रीडकडील कडेला ते लागते. शिवाय पिस्टन २ मिमी खाली येत असल्याने त्याची खालची कड वेबला टेकण्याची शक्यता असते. अंदाजाने कोरू नये. मुलांच्या खेळण्यातील माती घ्यावी, तेलाचे बोट लावून ती संशयाच्या प्रत्येक जागी चिकटवावी, क्रँक, रॉड आणि पिस्टन घालून हाताने दोन फेरे फिरवावेत आणि पुन्हा खोलावे. मातीत रॉडची खूण उमटलेली दिसते. तेथे ब्लेडने आडवा काप घेऊन उरलेली जाडी मोजावी. ती कुठेही १ मिमीपेक्षा कमी नसावी. दीड असली तर रात्री झोप लागते. कोरल्यावर केसची भिंत किती पातळ राहते हेही पाहावे आणि चुरा शेवटच्या कणापर्यंत धुऊन काढावा.

स्क्विश आणि कम्प्रेशनचे काय?

स्क्विश म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याची कड आणि हेड यांतील फट. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून पिस्टनच्या कडेपर्यंत घालावी, इंजिन हाताने फिरवावे आणि चेपलेल्या टोकाची जाडी मोजावी. गजन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना मोजल्यास पिस्टन डुलल्याने येणारी चूक टळते. या मापाच्या इंजिनाला ०.९ ते १ मिमी योग्य आहे. हेडची जागा १४ सीसी आहे असे धरले, तर पूर्ण स्ट्रोकवर कम्प्रेशन १०.४ होते ते ५४ च्या क्रँकने ११.२ होते. म्हणजे हेड न तासताही कम्प्रेशन वाढलेले असते. वर आणखी हेड तासून आणणाऱ्यांनी पिस्टनला पडणारी भोके पाहण्याची तयारी ठेवावी.

इग्निशन पुन्हा लावावे लागते का?

होय. टीडीसीआधी अमुक मिलिमीटर असे माप वापरत असाल, तर ते जुने माप आता चालत नाही. २ मिमी आधी म्हणजे पूर्वी साधारण साडेवीस अंश होते. ५४ च्या स्ट्रोकला तेच साडेएकोणीस होतात. अंशात मोजावे.

जेट कोणता लावावा?

जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधील पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक. त्याचा आकडा सांगता येणार नाही, दिशा सांगता येते. सीसी वाढले म्हणून मेन जेट मोठ्या बाजूने सुरू करावा आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लगचा रंग पाहत खाली यावे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे; येथील हवा किनाऱ्यापेक्षा साधारण पाच टक्के विरळ असते. एप्रिलच्या उन्हात ती आणखी विरळ होते. येथे दुपारी जुळवलेला जेट घेऊन कोणी चेन्नईजवळच्या सखल भागातील ट्रॅकवर पहाटे गाडी सोडली, तर दाट हवेमुळे मिश्रण कोरडे पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि पिस्टन धरतो. प्रवासाच्या डब्यात दोन मोठे जेट असावेत.

बॅलन्स बिघडतो का?

बिघडतो, कारण पिन आणि रॉडचे वजन मध्यापासून दूर गेले. एका सिलिंडरच्या इंजिनात थरथर पूर्ण जात नाही, ती कोणत्या आरपीएमला कमी असावी एवढेच ठरवता येते. २ मिमीच्या सरकेला अनेकजण काहीच करत नाहीत आणि काही सेकंदांच्या धावेत ते खपूनही जाते. नीट करायचे असल्यास पिनच्या बाजूच्या वेबमधून धातू कमी करतात किंवा समोरच्या बाजूला जड धातूच्या गोट्या बसवतात.

स्प्लेंडर किंवा बुलेटला हेच लागू पडते का?

तत्त्व तेच, अडचणी निराळ्या. फोर-स्ट्रोक इंजिनात पोर्टचा प्रश्न नसतो, परंतु पिस्टन व्हॉल्व्हला लागण्याचा असतो, आणि स्प्लेंडरसारख्या कॅमचेनच्या इंजिनात ब्लॉकखाली प्लेट दिल्यास कॅमचेनचे अंतर बदलून कॅमचे टायमिंग सरकते. जुन्या बुलेट ३५० चा स्ट्रोक मुळातच ९० मिमी आहे आणि बोअर ७० मिमी. ५,५०० आरपीएमवर तिचा पिस्टन सेकंदाला १६.५ मीटर धावतो, म्हणजे आरएक्स १०,००० वर धावते तेवढाच. तिचा स्ट्रोक आणखी वाढवण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही. तेथे बोअर आणि हेडवर खर्च करावा.

अशी गाडी रस्त्यावर चालवता येईल का?

नाही. नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडतो आणि सार्वजनिक रस्त्यावरील शर्यत कलम १८९ खाली गुन्हा आहे. सांगली-मिरज रस्त्यावर रात्री 'फक्त एक ट्रायल' घेणाऱ्यांचे इंजिन आम्ही बांधत नाही. देशातील मोटरस्पोर्टची नियामक संस्था एफएमएससीआय आहे. तिच्या परवानगीने होणाऱ्या, बंद ट्रॅकवरील स्पर्धांतच गाडी उतरवावी.

इंजिन पुन्हा कधी उघडावे?

नवा क्रँक असेल तर पहिल्या दहा धावांनंतर, गाडी कितीही चांगली पळत असली तरी. मॅग्नेट काढून शाफ्टच्या टोकाला डायल गेज लावला तर केस न फोडताही पहिला अंदाज येतो. आधी लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा काटा जास्त फिरला तर केस खोलावी. ब्लॉक उचलून रॉड वर-खाली ओढून पाहावा. बाजूला थोडा हलला तर चालतो, पण उभ्या दिशेने किंचितही खट् असा आवाज आला, तर बेअरिंग आणि पिन दोन्ही बदलावी.